वुडलँड्सचा लाल वर्ग

चीफ, आज क्रांजी स्टेशन आलं तेव्हा माझा डोळा लागला होता. तुम्हाला तो टप्पा माहीत आहे. चुआ चू कांगपर्यंत ब्लॉकच्या खिडक्या अंगावर येत राहतात, यू टी स्टेशन मागे पडलं की अचानक झाडी सुरू होते, गाडी उंचावरून जात असते आणि दोन्ही बाजूंना नुसतं हिरवं. त्या हिरव्यात आणि एमआरटी मेट्रोच्या त्या गार एसीत माणसाला झोप येतेच. डोळे मिटायच्या आधी समोरची सीट रिकामी होती. उघडले तेव्हा तुम्ही तिथे बसला होतात. अर्ध्या बाहीचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, मांडीवर निळी वही. म्हणालात, "सेक्रेटरीबाई, उतरा, धक्का आला." मी खरंच उठून उभी राहिले. मार्सिलिंग होतं. समोर एक आजीबाई भाजीच्या पिशव्या पायात धरून बसल्या होत्या, त्या माझ्याकडे बघून उगाचच हसल्या. मी परत बसले.

तुम्हाला जाऊन तीन आठवडे झाले. लोकांनी ग्रुपवर हात जोडलेली चित्रं टाकली, तुमच्या जहाजांची नावं टाकली, कुठल्या कंपनीत किती वर्षं ते टाकलं. मी काहीच टाकलं नाही. मला जे सांगायचं होतं ते ग्रुपला सांगायचं नव्हतं. ते तुम्हाला सांगायचं होतं, समोर बसून, आणि त्याला मी इतका उशीर केला की आता हे असं लिहावं लागतंय.

तुम्ही कुणालाच 'काका' म्हणू दिलं नाहीत. पहिल्याच दिवशी क्लेमेंटीच्या हॉकर सेंटरमध्ये, त्या स्वस्त खाण्याच्या गाळ्यांत, मी "काका, कॉफी?" विचारलं तर म्हणालात, "इंजिन रूममध्ये काका नसतो. चीफ म्हणा." पस्तीस वर्षं बोटींची इंजिनं चालवून किनाऱ्यावर आलेला माणूस, आणि मी पुण्याहून आलेली, दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून पगार घेणारी बाई. आपल्या दोघांना त्या डगमगत्या टेबलावर एकत्र आणलं ते एका साध्या अडचणीने. आपल्या मुलांना इथल्या शाळेत मातृभाषा म्हणून हिंदी घ्यावी लागते, कारण मराठी तिथे शिकवतच नाहीत. माझी रेवा तेव्हा सहा वर्षांची होती. घरी मी मराठीत विचारायची, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि इथल्या लोकांसारखा शेवटी 'ला' लावायची. तुमची मुलं मोठी होऊन दूर गेलेली. तुम्हाला या भानगडीत पडायचं काही कारण नव्हतं. मी तसं विचारलंही. तुम्ही म्हणालात, "घरी बसून तुमच्या वहिनींच्या कामात लुडबुड करतो. त्यापेक्षा हे बरं."

अशी आपली रविवारची शाळा सुरू झाली. दोन वर्ग क्लेमेंटीला, एका शिकवणीवाल्याच्या भाड्याच्या खोल्यांत, आणि एक वुडलँड्सला, तुमच्या ब्लॉकखालच्या रहिवाशांच्या सामायिक खोलीत, तीही भाड्याचीच. घरभाडं कमी म्हणून जी कुटुंबं वर उत्तरेला राहायची त्यांच्यासाठी तो. कारभार सात जणांच्या कार्यकारिणीचा. शिक्षक म्हणजे आपणच, आई-बाप. पैसा म्हणजे थोडी फी आणि दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी. आपली शाळा चकलीवर चालते असं तुम्ही सगळ्यांना सांगत फिरायचात. ते खोटं नव्हतं. एका वर्षी नितीनच्या कॉन्डोच्या हॉलमध्ये तळण चाललेलं असताना सोऱ्याचा दांडा फिरेना, तर तुम्ही पिशवीतून पाना काढलात. फराळाला येताना पाना घेऊन येणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. नितीन आपला खजिनदार, तो धुराचा अलार्म वाजेल म्हणून वर टॉवेल हलवत उभा होता आणि तुम्ही खाली मांडी घालून सोऱ्या दुरुस्त करत होतात. पुढे पीठ सरसर आलं. तेव्हाचा तुमचा चेहरा मला आज गाडीत दिसत होता.

खरी पंचाईत होती ती माणसं टिकत नसल्याची. कुणाचा नोकरीचा पास संपायचा, कुणाची बदली व्हायची, कुणी नियम बदलले म्हणून बायकामुलांना परत पाठवायचं. जूनमध्ये असलेला शिक्षक दिवाळीला नसायचा. नवा यायचा तो पुन्हा 'अ अननसाचा'पासून सुरू करायचा, आणि मुलं तिसऱ्यांदा अननस ऐकून जांभया द्यायची. त्यावर तुम्ही बोटीवरचा रिवाज आणलात. इंजिन रूममध्ये पाळी बदलते तेव्हा जाणारा आणि येणारा काही वेळ एकत्र उभे राहतात, आणि जाणारा वहीत लिहून ठेवतो. तसंच इथे. जाणाऱ्या शिक्षकाने शेवटच्या रविवारी तासभर मागे उभं राहायचं, नव्याने शिकवायचं, आणि प्रत्येक वर्गाची एक निळी वही, तिच्यात दर रविवारी नोंद. मी विचारलं, "काय लिहायचं?" तुम्ही म्हणालात, "जे बिघडलंय ते. जे चाललंय ते लिहायची गरज नाही, त्याचा आवाज येतो."

मला हे फार आवडलं होतं, चीफ. माझ्या नोकरीच्या भाषेत अगदी बसणारं होतं. पुढे जे झालं त्याचं मूळ तिथेच आहे, माझ्या त्या आवडण्यात.

आपण भांडलो किती! तुम्हाला परीक्षा नको होती, मला हवी होती. मी म्हणायची, शाळा चालली आहे की नाही हे कळणार कसं? तुम्ही म्हणायचात, रविवारी सकाळी झोप सोडून मुलं येतात, आणखी काय कळायचंय? मी म्हणायची, ती आई ओढून आणते म्हणून येतात. तुम्ही म्हणायचात, मग आईला पास करा. वहिनी आतून ओरडायच्या, "अहो, पोहे गार होतायत, भांडण गरम राहील!" पोहे खाऊन आपण पुन्हा सुरू करायचो. तुमच्याशी भांडून मी कधी घरी रागावून गेले नाही. आता माझ्याशी तसं भांडणारं कुणी उरलं नाही, आणि माझ्या अंगात भांडण मात्र तेवढंच शिल्लक आहे.

धुराचा तो रविवार तुम्हाला आठवतो का? समुद्रापलीकडची जंगलं जळत होती आणि इथे आठवडेच्या आठवडे आकाश ताकाच्या रंगाचं होतं. त्या दिवशी हवेच्या प्रदूषणाचा आकडा जरा उतरला म्हणून वर्ग ठेवला होता, आणि मी सचिव या नात्याने वुडलँड्सची पाहणी करायला आले होते. स्टेशनपासून तुमच्या ब्लॉकपर्यंत चालताना समोरचा ब्लॉक दिसत नव्हता. माणसं मास्क लावून यायची, जवळ आली की असायची, पुढे गेली की नसायची. खोलीच्या खिडक्या बंद होत्या, पंखा फिरत होता, सहा मुलं गोल करून बसली होती. तुम्ही फळ्यावर काहीच लिहिलं नाहीत. खिडकीकडे बोट दाखवून विचारलंत, "धुरामागे काय आहे? एकेक वाक्य, मराठीत."

एक म्हणाला, "धुरामागे मलेशिया आहे." दुसरा म्हणाला, "ट्रॅफिक आहे." कुणाला मॅकडोनाल्ड दिसलं. मग इराची पाळी आली. ती तेव्हा सात वर्षांची, वडील बोटीवर सेकंड इंजिनियर, घरी आई एकटी. अडीच महिने ती वर्गात येऊन नुसती बसायची. तोंडातून शब्द नाही, मराठी नाही, इंग्रजी नाही. मला वाटलं तुम्ही तिला गाळून पुढे जाल. तुम्ही थांबलात. पंख्याचा आवाज येत राहिला. किती वेळ गेला कोण जाणे, मला तर खोलीसकट आपण सगळे कुठेतरी तरंगत निघालोय असं वाटायला लागलं होतं. आणि मग ती म्हणाली, "धुरामागे अजून धूर आहे."

मुलं खो खो हसली. तीही हसली. तुम्ही मात्र हसला नाहीत. घड्याळाचा काटा योग्य ठिकाणी आल्यावर मान हलवावी तशी मान हलवलीत आणि म्हणालात, "बरोबर. पुढे." त्या दिवसानंतर इरा थांबलीच नाही. आता तर तिची आई म्हणते, बंद करायचं बटण कुठे आहे ते सांगा.

मी तिथे होते, चीफ. माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

तरीही पुढच्या मार्चच्या बैठकीत मी तो तक्ता मांडला. विषय साधा होता. क्लेमेंटीच्या खोल्यांचं भाडं वाढलं होतं, तीन वर्ग परवडत नव्हते, एक बंद करून मुलं एकत्र आणायची का, हा प्रश्न होता. नितीन म्हणाला, भावनेवर नको, कामगिरीवर ठरवू. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी तयारच होते. आठवडाभर बसून मी तिन्ही निळ्या वह्यांतल्या नोंदी संगणकात भरल्या होत्या. ज्या वर्गात बिघाडाच्या नोंदी कमी तो हिरवा, मध्यम तो पिवळा, जास्त तो लाल. क्लेमेंटीचा मोठा वर्ग, जो मी घेत होते, हिरवा. लहान वर्ग, जो नितीन घ्यायचा, तोही हिरव्याच्या जवळ. वुडलँड्स लालभडक. 'मात्रा गाळतो.' 'वेलांटी उलटी.' 'ळ आणि ल एकच.' 'इरा बोलत नाही.' 'इरा बोलत नाही.' 'इरा बोलत नाही.' पानंच्या पानं.

तुम्ही तो तक्ता बराच वेळ पाहिलात. मला वाटलं आता तोफ सुटेल. मी उत्तरं तयार ठेवली होती. अध्यक्षांनी विचारलं, "चीफ, तुम्हाला काही म्हणायचंय?" तुम्ही म्हणालात, "नोंदी माझ्याच आहेत. लिहिलंय ते खरं आहे." आणि गप्प बसलात. मतदान झालं. तीन हात वुडलँड्सच्या बाजूने, चार विरुद्ध. चौथा हात माझा होता, आणि मी तो अभिमानाने वर केला होता. आपण मैत्री बाजूला ठेवून शाळेचं हित पाहिलं असं मला वाटत होतं. आज ते आठवलं की माझं मलाच बघवत नाही.

सहांपैकी दोनच मुलं क्लेमेंटीला आली, तीही दोन महिने. रविवारी सकाळी कुठे वुडलँड्स, कुठे क्लेमेंटी, गाडी बदलून तास जातो, आणि ज्या बाईचा नवरा समुद्रावर आहे ती धाकट्याला काखेत घेऊन किती दिवस धावणार? मग कळलं की तुम्ही वर्ग बंद केलेलाच नाही. खोली गेली तर ब्लॉकखाली बुद्धिबळाची जी दगडी टेबलं आहेत तिथे बसवता. तीच मुलं, तोच वेळ. मला नियमाची आठवण झाली. मला नियमाची आठवण फार पटकन होते. मी तुम्हाला सचिव म्हणून पत्र लिहिलं, की बंद केलेला वर्ग शाळेच्या नावाने चालवता येणार नाही. अगदी छापील मराठीत. 'आपणांस विदित असेलच' असं लिहिलं मी तुम्हाला, ज्यांच्या घरचे पोहे मी चार वर्षं खाल्ले होते.

तुमचं उत्तर दोन ओळींचं आलं. "पत्र पोचलं. शाळेचं नाव वापरणार नाही. टेबलं सरकारची आहेत आणि मुलं त्यांच्या आई-बापांची." खाली सही. बैठकींना तुम्ही येतच राहिलात, चर्चेत मत देत राहिलात, माझ्याशी नीट बोलत राहिलात. फक्त पोह्यांना बोलावणं थांबलं. ते तुम्ही थांबवलंत की मीच तोंड दाखवायचं टाळलं, मला अजून ठरवता येत नाही.

चूक मला सापडली ती त्यानंतर वर्षाने, ऑफिसात. टीममधल्या एका नव्या मुलीने अहवाल आणला होता. एका प्रोग्रॅममध्ये चुका फार आहेत म्हणून तो रद्द करावा असं तिचं म्हणणं होतं. मी तिला झापायला सुरुवात केली. "अगं, सापडलेल्या सगळ्या मोजल्यास. दुरुस्त झालेल्या वजा कुठे केल्यास? आणि ज्याच्याकडे एकही सापडली नाही तो चांगला आहे, की त्याने शोधलंच नाही?" ती बिचारी मान खाली घालून ऐकत होती. आणि बोलता बोलता मला माझाच तो तक्ता आठवला. पाणी पिण्याच्या निमित्ताने मी उठले आणि पॅन्ट्रीत जाऊन उभी राहिले.

त्या संध्याकाळी मी माझ्याकडेच राहिलेली तुमची वही पुन्हा काढली. या वेळी ओळी मोजल्या नाहीत, वाचल्या. 'इरा बोलत नाही' अकरा वेळा होतं, आणि धुराच्या रविवारनंतर एकदाही नव्हतं. 'वेलांटी उलटी' चार आठवडे, मग नाही. 'ळ आणि ल' पावसाळाभर, मग नाही. तुमच्या वहीत कौतुक म्हणजे ओळ नाहीशी होणं. त्या सहा मुलांचं सगळं शिकणं त्या कोऱ्या जागेत होतं, आणि मी फक्त शाई मोजली होती. मग मी माझी वही उघडली. क्लेमेंटीचा मोठा वर्ग, हिरवा वर्ग. माझ्या सुवाच्य अक्षरात, दर रविवारी, दोन शब्द. 'सर्व ठीक.' घरी जायची घाई असायची हो. नितीनच्या वहीतही तेच. तिन्ही वर्गांत खरं लिहिणारा माणूस एकच होता, आणि त्याचा वर्ग आम्ही खरं लिहिल्याबद्दल बंद केला.

तुम्हाला हे तेव्हाच कळलं होतं. कळल्याशिवाय तुम्ही तो तक्ता इतका वेळ पाहिला नसतात. मग बोलला का नाहीत? याबद्दल मी तुमच्यावर रागावलेली आहे, आजही. एक वाक्य पुरलं असतं. 'सेक्रेटरीबाई, सुधारलेलं वजा करा.' मी जागच्या जागी कान पकडले असते. की तुम्हाला वाटलं, ज्या बाईने इराला बोलताना पाहिलंय तिला हेही सांगावं लागत असेल तर सांगून उपयोग नाही? तसं असेल तर तेही बरोबर आहे. पण राग आहे तो आहे.

मी सांगायचं ठरवलं, आणि मग रोज उद्यावर ढकललं. रविवारी येते, म्हटलं. रविवारी रेवाचा डान्स. पुढच्या रविवारी येते. असं करत दोनेक वर्षं गेली, मग वहिनींचा फोन आला की तुम्हाला नोव्हेनाच्या हॉस्पिटलात दाखल केलंय.

तिथे मी आले होते, आठवतंय ना? दुपारची वेळ होती. खिडकीतून खालचा रस्ता दिसत होता, गाड्या आवाज न करता जात होत्या. तुम्ही उशीला टेकून पडला होतात आणि औषधाने तुमचे डोळे जड झाले होते. वाक्य सुरू करायचात, मध्येच कुठल्यातरी बंदरात जायचात, पुन्हा परत यायचात. मी सगळं पाठ करून आले होते. 'चीफ, तक्ता चुकीचा होता. चूक माझी होती.' लहान मूल कवितेला उभं राहतं तशी उभी होते मी. तेवढ्यात नर्स आली, पलंगाच्या पायथ्याशी अडकवलेला कागद काढला, काहीतरी लिहून गेली. तुम्ही तिच्या पाठीकडे पाहत म्हणालात, "बघा. नुसते बिघाड लिहितात. जे चाललंय ते कोण लिहिणार?"

दार उघडून दिलं होतंत तुम्ही. की औषधाच्या गुंगीत सहज बोललात? मला आता कधीच कळणार नाही. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "इथले डॉक्टर चांगले आहेत हो." मग जेवणाबद्दल विचारलं. तुम्ही म्हणालात, भात गिचगिचीत असतो. मग डोळे मिटलेत. मी वहिनींना केळी दिली आणि निघाले. लिफ्टमध्ये मला वाटलं परत वर जावं. पण लिफ्ट खालीच चालली होती, आणि पुढच्या रविवारी येऊच, असं मी मनाशी म्हटलं. तो रविवार आला तेव्हा तुम्ही नव्हतात.

तुम्ही गेल्यावरच्या त्या पहिल्या रविवारी मी वुडलँड्सला गेले. मुलांना कुणीतरी सांगायला हवं की आता वर्ग नाही. मला वाटलं होतं टेबलं रिकामी असतील. आठ मुलं बसली होती. सहाची आठ तुम्ही कधी केलीत? त्यांना सगळं माहीत होतं, तरी आली होती. वहिनी एका टोकाला बसल्या होत्या. शिकवत नव्हत्या, नुसत्या बसल्या होत्या आणि मुलंही नुसती बसली होती, वह्या मिटलेल्या. वाऱ्यावर वरच्या मजल्यांचे कपडे हलत होते, त्यांच्या सावल्या टेबलांवरून जात-येत होत्या.  मीही बसले. वहिनी हळूच म्हणाल्या, "मुग्धा, त्यांनी तुझ्यावर राग नव्हता धरला गं. म्हणायचे, ती मोजते नीट, एकदा वाचायला लागली की झालं."

मला रडू आलं ते तिथे. स्मशानात आलं नव्हतं.

मग इरा माझ्याजवळ सरकली. ती आता दहाची आहे, समोरचे दात मोठे, केस कानामागे. म्हणाली, "आंटी, तुम्ही खऱ्या शाळेतून आलात ना? आम्ही फेल झालेला क्लास आहोत ना?"

"कोण म्हणालं?"

"एव्हरीवन नोज, ला. आमचा कलर रेड होता. म्हणून रूम नाही. इट्स ओके, आम्हाला इकडे आवडतं."

 'चीफ म्हणाले का?' असं विचारावंसं वाटलं, पण तुम्ही म्हणणार नाही हे मला ठाऊक होतं. मुलांना असल्या गोष्टी हवेतून कळतात. तीन वर्षं ही मुलं आपण नापास आहोत असं समजून, हसत, दगडी टेबलावर वेलांट्या काढत होती. मी तिला एवढंच म्हटलं, "पुढच्याच्या पुढच्या रविवारी सांगते." मध्ये बैठक होती.

बैठक काल झाली. विषयपत्रिका मीच बनवते, तेव्हा पहिला विषय मीच घातला. वुडलँड्सचा वर्ग शाळेचा म्हणून पुन्हा सुरू करणे. मी उभी राहिले आणि तुम्हाला सांगायचं होतं ते सगळं त्यांना सांगितलं. तक्ता चुकीचा होता. मी सुधारलेलं वजा केलं नाही. माझी स्वतःची वही खोटी होती. इरा बोलली तेव्हा मी त्या खोलीत होते आणि तरी मी तिला अकरा वेळा मुकी मोजलं.  नितीन म्हणाला, "मुग्धा, तू म्हणतेस ते पटतं. माझी वही पण तशीच आहे. पण भाडं तर खरं आहे ना? आज तीन वर्ग परवडतात का?" तो वाईट माणूस नाही, चीफ. त्याला शाळा बुडू द्यायची नाहीये, एवढंच.

हात वर झाले. तीन बाजूने, त्यातला एक माझा. तीन विरुद्ध. कार्यकारिणीत सातच माणसं, आणि सातवी खुर्ची रिकामी होती. बरोबरी झाली तर काय, हे नियमात तुम्हीच लिहिलं होतंत, त्या हॉकर सेंटरच्या टेबलावर. मी म्हटलं होतं अध्यक्षांना जादा मत द्या. तुम्ही हट्टाने नाही म्हणालात. बरोबरी झाली तर जसं आहे तसंच राहील; बंद असेल ते बंद. तुमच्याच नियमाने तुमचा वर्ग बंद राहिला. इतिवृत्त मी लिहिलं. 'ठराव नामंजूर.' अक्षर सुवाच्य आलं.

म्हणून आज मी या गाडीत होते. मुलांना शब्द दिला होता. टेबलांशी पोचले तेव्हा आठही जण आले होते. वहिनींनी खडू आणून ठेवले होते. मी उभी राहिले आणि आधी तेच सांगितलं. तुम्ही नापास नव्हतात. तुमच्या चीफने खरं लिहिलं आणि मी ते चुकीचं वाचलं. तो लाल रंग माझ्या चुकीचा होता, तुमचा नव्हता. मुलांनी ऐकून घेतलं. मोठ्यांनी चूक कबूल केली की मुलं किती सहज घेतात, आपणच उगाच वर्षं घालवतो.

"मग आता रूम मिळणार?" इराने विचारलं.

"नाही गं. मतदान झालं. तीन-तीन."

तिने बोटांवर हिशेब केला. "पण टोटल तर सेव्हन ना? चीफ अंकलनी शिकवलं होतं आम्हाला, कमिटी म्हणजे सेव्हन. देन हू नेव्हर व्होट?"

मी वहिनींकडे पाहिलं. वहिनी खाली बघत होत्या. मी म्हणाले, "तुमचे चीफ अंकल."

 इराने एकदा टेबलाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मला काही साधंसुधं कळत नाही अशा आवाजात म्हणाली, "पण त्यांचं व्होट आपल्यालाच असणार ना, आंटी. सो काउंट हिम, ला."

मी मोजलं, चीफ. चार झाले. मग मी खडू उचलला.